तृतीयपंथी आणि लैंगिक संबंधांतून लागणारे विषाणू : आजार कोणते, तपासणी कुठे, औषध कसं चालू ठेवायचं?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते. औषधही फुकट मिळते. कावीळ बी आणि कावीळ सी या दोन्हींवर सरकारी उपचार आहेत. तरीही तृतीयपंथी व्यक्ती दवाखान्यात पोहोचते तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. अडचण औषधाची नसते, केसपेपरच्या खिडकीची असते. रांग बायकांची धरायची की पुरुषांची, इथूनच सुरुवात. आधारवर नाव एक, अंगावर साडी. आतून कुणीतरी ते नाव मोठ्यानं पुकारतो आणि बाकावरची सगळी माणसं मागं वळून बघतात. एकदा असं झालं की ती व्यक्ती पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊन दिवस काढते.

विषाणूला एवढी संधी पुरते.

ही माहिती मुख्यतः अशा व्यक्तींसाठी आहे ज्या मुलगा म्हणून जन्मल्या आणि बाई म्हणून जगतात. गावाकडं त्यांना तृतीयपंथी म्हणतात, सांगली-कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात जोगते, शहरात ट्रान्सजेंडर महिला. यातल्या काहींनी शस्त्रक्रिया केलेली असते, काहींनी नाही. काही गुरूच्या घरी राहतात, काही आईवडिलांजवळ. त्यांच्या जोडीदारांनी आणि घरच्यांनीही हे वाचायला हवं, कारण जोडीदार पुष्कळदा गावातलाच, बायकामुलं असलेला पुरुष असतो. विषाणू त्याच्याकडून तृतीयपंथी व्यक्तीकडे जातो, तसाच परत त्याच्या घरीही येतो.

धोका जास्त का?

आकडे आधी बघू. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या २०२१ च्या देशव्यापी पाहणीत तृतीयपंथीयांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ३.७८ टक्के आढळले. त्याच वर्षी देशातल्या सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते ०.२१ टक्के होते. म्हणजे जवळपास अठरा पट. २०१३ मध्ये १५ देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तर ट्रान्सजेंडर महिलांमध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांच्या वर निघाले होते.

हाच आकडा उलटा वाचला तर असा दिसतो : आपल्याकडे शंभरातल्या ९६ जणींना एचआयव्ही नाही. 'तृतीयपंथी म्हणजे एड्स' असं पारावर बसून बोलणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

धोका जास्त असण्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे, जन्मात नाही. गुदद्वाराच्या आतलं अस्तर अतिशय पातळ असतं. ते घर्षणानं सहज खरचटतं आणि त्याच्या लगेच खाली रक्तवाहिन्या असतात. योनीचं अस्तर त्यामानानं जाड. एचआयव्ही असलेल्या, औषध न घेणाऱ्या जोडीदाराशी विनाकंडोम संबंध आला तर आत घेणाऱ्या व्यक्तीला गुदमार्गाने लागण होण्याची शक्यता दर १० हजार वेळांमागे साधारण १३८ धरली जाते, योनीमार्गाने साधारण ८. हा फरक बाई-पुरुष सगळ्यांना सारखाच लागू आहे.

बाकीची कारणं सगळ्यांना दिसतात, पण दवाखान्याच्या कागदावर येत नाहीत. घरातून हाकलून दिलं की शिक्षण सुटतं, काम कुणी देत नाही. मग मंगती किंवा देहविक्री उरते. तिथं जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक कंडोम नको म्हणतो, आणि पोटात भूक असेल तर नाही म्हणणं जड जातं. जबरदस्ती झाली तर पोलिस ठाण्यात कोण उभं करणार, हा वेगळाच प्रश्न.

एचआयव्ही : एक गोळी, रोज

लक्षणांची वाट बघणं हा यातला सगळ्यात मोठा घोटाळा. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असं काही येऊ शकतं. कुणालाही वाटेल, साधा व्हायरल ताप. तो जातो आणि मग कित्येक वर्षं काहीच होत नाही. माणूस तगडा दिसतो, नाचतो, जत्रेला जातो. आत मात्र प्रतिकारशक्ती झिजत असते. वजन उतरणं, तोंडात पांढरा थर, टीबी हे सगळं उशिराचं.

तपासणी आयसीटीसीमध्ये होते. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, जिल्हा, उपजिल्हा आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत त्याची वेगळी खोली असते. थोडं रक्त घेतात. एका किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच शिक्का बसत नाही, तीन वेगवेगळ्या किटवर खात्री केली जाते. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून धोक्याच्या प्रसंगानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. देहविक्रीत असणाऱ्यांनी तर दर सहा महिन्यांनी.

भारतात एचआयव्हीचे औषध, म्हणजे एआरटी, १ एप्रिल २००४ पासून सरकारतर्फे मोफत मिळते. पूर्वी प्रतिकारशक्ती ठराविक पातळीच्या खाली येईपर्यंत थांबवून ठेवत. २०१७ पासून ती अट गेली. निदान झालं की औषध सुरू. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रावीर ही तीन औषधं एकाच गोळीत देतात, दिवसातून एकदा. काही महिने नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की यंत्रावर दिसेनासा होतो. ही मोजणी, व्हायरल लोड, एआरटी केंद्रामार्फत मोफत होते. विषाणू दिसेनासा झाला आणि तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही दुसऱ्याला जात नाही. हे जगभरातल्या मोठ्या अभ्यासांनी पक्कं केलेलं आहे. गोळी थांबवली तर मात्र विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, आणि अर्धवट घेतलेल्या औषधाला दाद न देणारा होऊन येतो.

खरी पंचाईत इथंच होते, कारण या समाजाचं बिऱ्हाड एका जागी नसतं. आज मिरज, उद्या पुणे, मग ठाणे. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेलं की आठ-पंधरा दिवस तिकडंच. नाव एका जिल्ह्याच्या केंद्रात, माणूस दुसऱ्या राज्यात. गोळ्या संपतात आणि 'गावी गेल्यावर घेऊ' म्हणून तुटलेली साखळी दोन-दोन महिने तुटलेलीच राहते. असं होऊ नये म्हणून सोयी आहेत, फक्त त्या मागाव्या लागतात. तब्येत स्थिर असेल तर एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, जाण्याआधी समुपदेशकाला सांगावं. कायमचं गाव बदललं तर नाव नव्या केंद्रात बदलून घेता येतं. वाटेत गोळ्या संपल्या तर उपचार पुस्तिका दाखवून जवळच्या कुठल्याही सरकारी एआरटी केंद्रात तात्पुरत्या गोळ्या घेता येतात. पुस्तिका हरवण्याची भीती असेल तर तिचा फोटो मोबाइलमध्ये, लॉक लावून ठेवावा. नोंदणी जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात होत असली तरी अनेक तालुक्यांत लिंक एआरटी केंद्र आहे. दर महिन्याची जिल्ह्याची फेरी त्यामुळं वाचते.

आणखी एक भीती कानावर येते : एचआयव्हीची गोळी घेतली की हार्मोन्सचा असर जातो, छाती उतरते. या भीतीपोटी गोळ्या सोडणाऱ्या आहेत. डोल्युटेग्रावीर आणि बाईपणासाठी घेतली जाणारी हार्मोन्स एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्ही चालू आहेत हे डॉक्टरांना सांगितलं म्हणजे झालं. टीबीचं औषध सुरू झालं तर ते मात्र हटकून सांगावं, कारण तेव्हा डोल्युटेग्रावीरचा डोस वाढवावा लागतो.

जबरदस्ती झाली किंवा कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, सरकारी रुग्णालय गाठावं. डॉक्टरांना गरज वाटली तर २८ दिवसांचं प्रतिबंधक औषध देतात. चौथ्या दिवशी जाऊन त्याचा उपयोग नसतो. ज्यांना धोका वारंवार आहे त्यांच्यासाठी आधीच रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी, प्रेप, असते. ती सरकारी पातळीवर सगळीकडे अजून मिळत नाही. संबंधाच्या दिवसापुरती प्रेप घेण्याची एक पद्धत इंटरनेटवर सांगितली जाते. हार्मोन्स घेणाऱ्यांना ती सांगितलेली नाही, त्यांनी रोजचीच घ्यायची.

कावीळ बी आणि सी : वस्तरा, सुई, गोंदण

एचआयव्हीच्या नावानं सगळे घाबरतात, काविळीच्या नावानं कुणी नाही. पण हिपॅटायटिस बी हा एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो. वाळलेल्या रक्ताच्या डागात तो सात दिवस जिवंत राहू शकतो. लैंगिक संबंधातून तर लागतोच, शिवाय एकमेकींचा वस्तरा वापरणं, दाढीचे केस उपटायचा चिमटा एकाच घरात पाच जणींनी वापरणं, जत्रेत मशीनवर गोंदून घेणं, हार्मोन्सच्या इंजेक्शनची सुई वाटून घेणं, या सगळ्यांतून लागतो. गुरूच्या घरात पाच-सात जणी एकत्र राहत असतील तर हे मुद्दाम लक्षात ठेवावं. पन्नास रुपयांचा चिमटा प्रत्येकीचा वेगळा असावा.

प्रौढपणी लागण झालेल्यांपैकी शंभरातले सुमारे ९५ जण हिपॅटायटिस बीमधून आपोआप बरे होतात. उरलेल्या पाचांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो आणि वीस-तीस वर्षांनी यकृत कडक होणं, पोटात पाणी होणं, कॅन्सर असा बाहेर येतो. डोळे पिवळे झालेच पाहिजेत असं काही नाही.

यावर लस आहे, तीन डोसांची : पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात ती देशभर सगळीकडे पोहोचायला २०११ साल उजाडलं. म्हणजे आज वीस-पंचवीस वर्षांच्या असलेल्या बहुतेकींना ती लहानपणी मिळालेली नसणार. आधी रक्त तपासायचं, लागण नसेल तर लस टोचून घ्यायची. इतकी स्वस्तातली सोय दुसऱ्या कुठल्या लैंगिक विषाणूवर नाही.

हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण तो पूर्ण बरा होतो. मुख्यतः रक्तातून पसरतो, गुदमार्गाच्या विनाकंडोम संबंधातून, विशेषतः सोबत एचआयव्ही असेल तर, लागू शकतो. सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्यांचा साधारण १२ आठवड्यांचा कोर्स असतो. यकृत आधीच खराब झालं असेल तर जास्त. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात दोन्ही काविळींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. गावठी काविळीचं औषध, नाकात थेंब टाकणं, हातावर डाग देणं, याचा या दोन्ही विषाणूंवर काडीचा उपयोग नाही.

एचआयव्हीच्या गोळीतली दोन औषधं हिपॅटायटिस बीवरही चालतात. दोन्ही आजार असतील तर एका गोळीत दोन कामं होतात, पण ती अचानक बंद केली तर यकृत भडकू शकतं.

'मूळव्याध' म्हणून दाखवलेली चामखीळ

गुदद्वारापाशी कोंब आले, खाज सुटली, रक्ताचा ठिपका दिसला की सगळे म्हणतात मूळव्याध. बाजारच्या दिवशी 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन' असा बोर्ड लावून बसलेला असतोच कुणीतरी. तो काहीतरी जाळतो, काहीतरी लावतो, दोन-तीन हजार घेतो. प्रत्यक्षात पुष्कळदा ती एचपीव्ही या विषाणूची चामखीळ असते, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी दिसणारी. मूळव्याध ही सुजलेली शीर. दोन्हींचे उपचार वेगळे. जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात चामखीळ औषध लावून, गोठवून किंवा जाळून काढतात. पुन्हा येऊ शकते, पुन्हा काढता येते.

एचपीव्हीचे अनेक प्रकार आहेत. ६ आणि ११ क्रमांकाचे चामखीळ आणतात. १६ आणि १८ क्रमांकाचे दिसत नाहीत, पण वर्षानुवर्षे राहिले तर कॅन्सर करू शकतात : बायकांत गर्भाशयमुखाचा, गुदमार्गाचा संबंध असणाऱ्यांत गुदद्वाराचा. एचआयव्ही असून औषध चालू नसेल तर हा धोका वाढतो. न भरणारी जखम, गाठ, वारंवार रक्त जाणं हे लाजेपोटी दडवू नये. कंडोम यात मदत करतो, पण पूर्ण नाही, कारण हा विषाणू कातडीला कातडी लागून पसरतो.

या चारही प्रकारांवरची लस आपल्या पुण्यातच बनते. सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक'ला जुलै २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. ९ ते २६ वयाच्या मुलगे-मुली दोघांनाही ती घेता येते. संबंध सुरू होण्याआधी घेतली तर सर्वांत चांगली, नंतर उपयोग कमी होतो पण शून्य होत नाही. तृतीयपंथीयांना ती पैसे देऊनच घ्यावी लागते, आणि दोन-तीन डोसांचा खर्च मंगतीवर जगणाऱ्यांना झेपणारा नाही. शासनाने यावर विचार करायला हवा.

शस्त्रक्रिया करून योनी तयार करून घेतलेल्यांना वाटतं, आता हे आजार संपले. तसं नाही. नव्या जागीही चामखीळ, हर्पिस आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. कंडोम तिथंही लागतो.

हर्पिस आणि नागीण एक नाहीत

जननेंद्रियावर किंवा गुदद्वाराजवळ बारीक पाण्याचे फोड, आग, ते फुटून जखमा, आठ-दहा दिवसांत बरं, मग काही महिन्यांनी पुन्हा तिथंच : हा हर्पिस. गावात त्याला नागीण समजून गेरू लावतात, मंत्र टाकून घेतात. नागीण वेगळ्या विषाणूची, कांजिण्यांच्या. ती छातीला-पाठीला एका बाजूला पट्ट्यासारखी उठते. तरुण वयात नागीण झाली तरी एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, हे जाताजाता.

हर्पिस शरीरातून कायमचा जात नाही, पण असायक्लोव्हिरच्या गोळ्यांनी आटोक्यात राहतो. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये गुप्तरोगांची औषधं रंगांच्या पाकिटांत मिळतात, त्यात हर्पिसचं पाकीट लाल. फोड असताना संबंध टाळावा, कारण उघड्या जखमेतून एचआयव्ही सहज शिरतो. त्याच खेपेला सिफिलिसची म्हणजे गरमीची चाचणीही सांगावी. तो विषाणू नसून जिवाणू आहे, पेनिसिलिनच्या इंजेक्शननं बरा होतो.

कंडोम फाटतो कशामुळं

खोबरेल तेल. व्हॅसलीन. बॉडी लोशन. घरात जे हाताशी असतं ते वापरतात आणि रबराचा कंडोम तेलानं काही मिनिटांत कमकुवत होतो. मग म्हणायचं, सरकारी निरोध फाटतो. पाण्यासारखं, तेल नसलेलं वंगण वापरायचं. ते मेडिकलमध्ये मिळतं. एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पांतले कार्यकर्ते कंडोमसोबत फुकटही देतात.

गोळ्या, इंजेक्शन आणि 'निर्वाण'

डॉक्टरकडे जायची सोय नाही म्हणून मेडिकलमधून माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला तीन-चार घेणाऱ्या आहेत. या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि काविळीनं यकृत सुजलेलं असेल तर तो भार वेगळाच. सुरू करण्याआधी निदान बी आणि सीची तपासणी व्हावी. घरगुती 'निर्वाण', म्हणजे दाईकडून लिंग कापून घेणं, यात रक्तस्रावानं जीव जाऊ शकतो. तीच पाती दुसरीवर वापरली तर विषाणूही सोबत जातो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात याची चौकशी करायला भीती वाटली तरी एकदा करावी.

घरच्यांनी आणि गावानं काय धरायचं, काय सोडायचं

एका ताटात जेवल्यानं, बधाईचा हात डोक्यावर ठेवल्यानं, एकाच संडासात गेल्यानं, डास चावल्यानं एचआयव्ही होत नाही. वेगळी ताटवाटी काढून ठेवायचं काही कारण नाही. वस्तरा, ब्रश, सुई तेवढी वेगळी.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय कुणाचा निकाल सांगता येत नाही, ना डॉक्टरला, ना कर्मचाऱ्याला. नोकरी, भाड्याचं घर, उपचार यांत एचआयव्हीवरून भेदभाव करणं बेकायदा आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमक्याला एड्स आहे' असा मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनीही जपून असावं. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा नाहीत, त्यामुळं डॉक्टरला खरं सांगायला घाबरायचं कारण नाही. न सांगता उपचार चुकतात.

पैशाच्या बाजूनं : संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तृतीयपंथी आणि एचआयव्हीबाधित दोघांचाही समावेश आहे, अर्ज तहसील कार्यालयात. एसटीच्या साध्या गाड्यांत एचआयव्हीबाधितांना प्रवास सवलत आहे, नियम आगारात विचारावेत. सवलत घ्यायची तर गावच्याच कंडक्टरला कागद दाखवावा लागतो, म्हणून काही जण पूर्ण तिकीट काढणंच पसंत करतात, हेही खरं.

सोबत कोण येईल?

सांगलीत 'संग्राम' संस्था १९९२ पासून या कामात आहे. तिच्याच कामातून तृतीयपंथी आणि देहविक्री करणाऱ्या पुरुषांची 'मुस्कान' ही संघटना उभी राहिली. मुंबईत मालाडला गौरी सावंत यांची 'सखी चारचौघी' आहे. ट्रान्सजेंडरांसाठीचे 'मित्र' दवाखाने पुणे आणि कल्याणला सुरू झाले होते, पण अमेरिकेची मदत थांबल्यावर २०२५ च्या सुरुवातीला ते बंद पडले. तिथं जाणाऱ्यांना पुन्हा सरकारी रांगेतच उभं राहावं लागलं.

रांगेची धास्ती असेल तर आधी १०९७ वर फोन करावा. ही नॅकोची मोफत हेल्पलाइन आहे, नाव सांगावं लागत नाही. जवळचं आयसीटीसी किंवा एआरटी केंद्र कुठं आहे ते तिथून कळतं. आयसीटीसीत पोहोचल्यावर समुपदेशकाला पहिल्याच वाक्यात सांगावं की हाक कोणत्या नावानं मारायची. आशाताई ओळखीच्या असतील तर पहिल्या खेपेला त्यांना सोबत न्यावं. दुसऱ्या खेपेपासून खिडकीवरची माणसंही ओळखीची होतात.